डबल बेल

"ब्रेक! प्रताप, ब्रेक मार!"

प्रतापनं ब्रेक मारला नाही, मारायची गरजही नव्हती. पण मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसलेल्या रेडेकरदादांचा उजवा पाय गाडीच्या तळाशी असा दाबला गेला, की मला वाटलं आता पत्रा फाटून पाय रस्त्याला टेकणार. खंबाटकीचा बोगदा संपला की लगेच एक वाकडं वळण आहे. ते वळण माणसाला घाबरवतंच, पण दादा घाबरले नव्हते. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आहे, हे त्यांना सोसत नव्हतं.

"बाबा, कोल्हापूर सोडल्यापासून तुम्हीच गाडी चालवताय," त्यांचा मुलगा प्रताप आरशात बघत म्हणाला. "मी निवांत बसलोय."

"तू निवांत बसलायस म्हणूनच मला बसवंना झालंय."

पुढं प्रतापच्या शेजारी त्याची आई, अनुसयावहिनी होत्या. त्यांनी मागं वळून नवऱ्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ असा, की सांभाळ गं बाई, याच्यासाठीच तुला आणलंय.

मी मालन खोत, राधानगरी डेपोची कंडक्टर. हिंदुराव रेडेकर हे माझे ड्रायव्हर. दहा-अकरा वर्षं आम्ही एकाच ड्यूटीवर होतो, राधानगरी ते कणकवली. मधे दाजीपूरचं जंगल आणि ते संपलं की फोंडा घाट. मी नवी लागले तेव्हा बाई कंडक्टर म्हणून डेपोत सगळे माझ्याकडं जत्रेत आल्यासारखे बघायचे. दादांनी पहिल्या दिवशी विचारलं, "शिट्टी वाजवता येती?" मी वाजवून दाखवली. "मग तू मास्तर," म्हणाले. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. तेव्हापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही.

आता त्यांच्या पोटात कॅन्सर होता. वर्षभर पित्त पित्त म्हणून गोळ्या चघळत होते. ड्रायव्हरला पित्त म्हणजे बिल्ल्यासारखंच, नोकरीबरोबर मिळतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. घास गिळताना अडकायला लागला तेव्हा कोल्हापुरात दुर्बीण घालून बघितलं. जठराच्या वरच्या तोंडाशी, जिथं अन्ननलिका येऊन मिळते, तिथं गाठ निघाली. मग केमो झाला. तो त्यांनी निमूट सोसला, केस गेले तर म्हणाले, टोपी नीट बसतीया. पण आता ऑपरेशन करायचं, तर हे गृहस्थ हलायला तयार नाहीत. केमोनं गाठ लहान झालीय, हीच वेळ आहे, हातची घालवली तर ती पुन्हा फोफावेल, असं डॉक्टर निक्षून सांगत होते. दादांचं मात्र आज बघू, उद्या बघू.

शेवटी वहिनींचा फोन आला. "मालन, तू चल बाई पुण्याला. तुझ्या बेलशिवाय हे हलायचे न्हाईत."

वहिनी थट्टेनं म्हणाल्या, पण त्यात थट्टा थोडीच होती. एस.टी.त एक बेल म्हणजे थांबा आणि दोन बेल म्हणजे चला. लहान पोरालाही ठाऊक असतं. पण ते पाळणारे ड्रायव्हर कमी. कुणी आरशात बघून स्वतःच निघतात, कुणी घाईत पहिल्या बेललाच गिअर टाकतात. दादांचं तसं नव्हतं. स्टँडवर गाडी रिकामी असो, समोर रस्ता मोकळा असो, डबल बेल कानावर पडल्याशिवाय त्यांचा पाय क्लचवरून उठायचा नाही. आणि एक बेल पडली की का म्हणून विचारायचे नाहीत. आधी गाडी थांबायची, मग प्रश्न. आमच्या गाडीची बेलची दोरी कायम तुटलेली असायची, म्हणून मी तिकिटाच्या पेटीच्या किल्लीनं दांड्यावर वाजवायचे. तो आवाज त्यांच्या कानात बसला होता.

पुण्याच्या इस्पितळात डॉ. वैदेही टिपणीस म्हणून सर्जन होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोलणं सरळ. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचे सहाय्यक बसले होते, डॉ. इरफान मुजावर. हे गृहस्थ काही बोलत नव्हते, नुसते दादांच्या हलणाऱ्या पायाकडं बघत होते.

"पोट उभं फाडायची गरज नाही," टिपणीसबाई म्हणाल्या. "चार-पाच लहान भोकांतून काम होईल. जठर पूर्ण काढायचं, आजूबाजूच्या गाठी काढायच्या, आणि आतडं वर ओढून अन्ननलिकेला जोडायचं. हे दुर्बिणीनं करता येतं आणि रोबोटनंही. मी दोन्ही करते."

"मग रोबोटच," प्रताप लगेच म्हणाला. तो हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. विमा त्याच्या कंपनीचा, त्यामुळे खर्चाची काळजी नव्हती. "लेटेस्ट आहे."

"लेटेस्ट म्हणून चांगलं, असं नसतं. कॅन्सर बरा होण्याच्या बाबतीत दोन्हींचे निकाल आजवर जवळपास सारखेच आलेत. फरक आहे तो कामाच्या पद्धतीत."

"रोबोट कापणार, मग तुम्ही काय करणार?" दादांनी विचारलं.

"रोबोट स्वतःहून काहीच करत नाही. मी खोलीच्या एका कोपऱ्यात यंत्रापाशी बसते. माझे हात जसे हलतात तशी आतली हत्यारं हलतात."

"कोपऱ्यात?" दादांनी माझ्याकडं बघितलं. "ऐकलंस का मास्तर? डायवर रस्त्याकडेला हाटेलात बसलाय आनि गाडी एकटीच घाटात!"

प्रतापनं कपाळाला हात लावला. पण टिपणीसबाई हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. उठल्या आणि म्हणाल्या, "चला, बघूनच घ्या."

त्याच मजल्यावर शिकाऊ डॉक्टरांच्या सरावाचं यंत्र होतं. एक मोठा खोका, त्यात डोकं घालायला जागा, हातांसाठी दोन कड्या आणि खाली पायाशी एका ओळीत पेडल. दादा खुर्चीवर बसले. डोकं आत घातलं नाही, आधी खाली वाकून पेडल बघितले, चपला काढल्या आणि पाय ठेवला.

"ह्यो कशाचा?"

"तो क्लच," बाई म्हणाल्या.

"काय सांगताय!" महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळलेला मी बघितला. "खरंच क्लच?"

"खरंच. तो दाबला की माझे हात मोकळे होतात, पण आतली हत्यारं जागची हलत नाहीत. मी हात सोयीचे करून घेते आणि पुन्हा जोडते."

"आनि ब्रेक कुठला?"

"ब्रेक नाही. मी डोकं बाहेर काढलं की सगळं आहे तिथं थांबतं."

दादा कड्यांत बोटं घालून सरावातलं चित्र हलवत राहिले. एका रबराच्या कड्याला हत्यारानं उचलून दुसऱ्या खुंटीवर ठेवायचं होतं. दोनदा पडलं, तिसऱ्यांदा बसलं. मग ते एकदम थांबले. "हाताला काय लागंना झालंय. स्टेरिंगचा हाबका हाताला कळाय नको?"

"यात नाही कळत," बाई म्हणाल्या. "दोरा किती ताणला गेलाय हे डोळ्यांनीच ओळखायचं. सवयीनं जमतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये मी तुमच्या अंगाशी उभी असते, लांब दांड्यांची हत्यारं माझ्या हातात असतात, थोडं तरी हाताला कळतं. पण ते दांडे सरळ असतात, मनगटासारखे वळत नाहीत. तुमची गाठ वरती, छातीच्या खालच्या कोपऱ्यात आहे. जागा अरुंद. तिथं टाके घालायला रोबोटचं वळणारं टोक बरं पडतं, असा माझा अनुभव. वेळ मात्र जास्त लागतो. आणि आणखी एक. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये दुर्बीण मी धरत नाही, ती हे धरतात." त्यांनी मुजावरांकडं बोट केलं. "यांचा हात जिकडे, तिकडे माझी नजर. रोबोटमध्ये नजर माझ्याच हातात असते, पण तुमच्याजवळ उभे हे असतात."

दादांनी कड्यांतून बोटं काढली. मग सावकाश म्हणाले, "म्हंजे एकात डोळं दुसऱ्याच्या हातात. आनि एकात पेशंट दुसऱ्याच्या हातात."

"अगदी तसंच."

मग त्यांनी मुजावरांकडं मोहरा वळवला. "गाव कुठलं सायेब?"

"हातकणंगले." मुजावर पहिल्यांदा बोलले.

"अरं तिच्या! आपलंच माणूस." पण लगेच आवाज उतरला. "मला सांगा. बाई तिकडं कोपऱ्यात, डोकं खोक्यात. त्यास्नी दिसंना आनि तुमाला काय दिसलं तर?"

"मी थांबा म्हणतो."

"मग थांबत्यात?"

उत्तर टिपणीसबाईंनी दिलं. "थांबते. आधी थांबते, मग विचारते."

दादांनी चपला घातल्या. मला वाटलं, झालं, गाडी मार्गाला लागली. दुपारी त्यांना दाखल करून घेतलं, निळ्या चौकड्यांचा अंगरखा दिला. वहिनी जरा पडल्या, प्रताप कागदपत्रं करायला खाली गेला, मी चहा आणायला गेले. चहा घेऊन आले तर कॉटवर अंगरखा घडी करून ठेवलेला आणि दादा गायब.

प्रतापचं डोकंच फिरलं. "धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय असं झालंय बाबांचं. पोलिसांत जाऊ या का?"

"पोलीस कशाला?" मी म्हटलं. "माहेर सोडून बाई कुठं जाईल?"

रिक्षा केली आणि सरळ स्वारगेटला गेले.

स्टँडच्या एका टोकाला फलाटाच्या कठड्याशी ते उभे होते. समोर बार्शीची गाडी रिव्हर्स घेत होती. कंडक्टर फलाटावर पेपर वाचत बसला होता आणि हे दोन्ही हात हलवून त्या ड्रायव्हरला ओरडत होते, "येऊ द्या, येऊ द्या... हाळू! बस्स!" गाडी थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून हात केला. दादांनीही केला, आणि वळले तर समोर मी.

"बघितलंस?" ते म्हणाले. "कंडाक्टर मागं उभा नसताना माघारी घेतोय. मागं एखादं पोर असलं म्हंजे?"

"दादा, चला."

"बस जरा."

आम्ही बाकावर बसलो. गर्दी, भोंगे, पाण्याच्या बाटल्यावाल्यांचा आरडाओरडा. त्यांचा पाय थांबत नव्हता. मला राग आला होता, आणि मी राग लपवणारी बाई नाही.

"वहिनी तिकडं रडताहेत. प्रताप पोलिसांत निघालाय. तुम्हाला काय झालंय हे कळतंय ना? का अजून पित्तच आहे?"

"कळतंय."

"मग रोबोट नको तर नको म्हणा. दुर्बिणीनं करतील. त्या बाई दोन्ही करतात. सोंगं कशाला करताय?"

"रोबोटचं न्हाई गं." त्यांनी समोरच्या गाडीकडं नजर वळवली. "मास्तर, मला कवा गाडीत झोपलेलं बघितलंयस?"

मी आठवून बघितलं. रात्रवस्तीला सगळे ड्रायव्हर गाडीतच मागच्या सीटवर ताणून देतात. दादा मात्र स्टँडच्या फरशीवर, नाहीतर देवळाच्या ओट्यावर झोपायचे. दुसऱ्याच्या गाडीतून घरी जाताना ड्रायव्हरच्या मागं उभे राहायचे, बसायला जागा असली तरी.

"नाही," मी म्हटलं.

"माझा बा पण डायवरच. ट्रकवर. मी किन्नर म्हणून, गाडी पुसाय-धुवाय, जायचो त्याच्यासंगं. एकदा मला झोप लागली. जागा झालो तवा ट्रक खड्ड्यात आनि बा..." ते थांबले. "मी जागा असतो तर त्याला हाक मारली असती. डुलकी लागली असणार त्याला. तवापास्नं चालत्या गाडीत डोळा मिटला न्हाई मी. जमतच न्हाई. आनि ह्या बाई म्हणत्यात, चार-पाच तास गपगार झोपा, आम्ही चालवतो. रोबोट असूंदे न्हाईतर दुर्बीण, झोपायचं मलाच हाय."

इतकी वर्षं एका गाडीत काढली, रोज एकाच डब्यातली भाकरी खाल्ली, आणि हे मला ठाऊक नव्हतं. माझा राग कुठल्या कुठं गेला. त्यांच्या त्या हलणाऱ्या गुडघ्यावर हात ठेवावासा वाटला, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती.

"दादा," मी म्हटलं, "ते धुकं आठवतंय? घाटात ट्रक आडवा आला होता, तुम्हाला वळणापर्यंत माघारी यावं लागलं होतं?"

"आठवतंय की."

"मागं दरी. आरशात पांढऱ्याशिवाय काही नाही. तुम्ही कुणाच्या डोळ्यांनी मागं आलात?"

"तुझ्या शिट्टीनं."

"म्हणजे तेव्हा तुम्ही आंधळेच होता. फक्त बसलेले होता, आता आडवे होणार. फरक तेवढाच."

ते हसले नाहीत. पण गुडघा थांबला. समोरची बार्शीची गाडी भरली, कंडक्टर पेपर घडी करून चढला, दोन बेल पडल्या आणि गाडी निघाली. ती फाटकातून बाहेर पडेपर्यंत दादा बघत राहिले.

"वरली जागा अरुंद हाय म्हणत्यात," ते उठत म्हणाले. "अरुंद जागंत नजर आपल्या हातात असल्याली बरी. रोबोटनंच करूंदेत. पर तो हातकणंगल्याचा माझ्याजवळनं हलाय नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. दादा शहाण्यासारखे वागले. अंघोळ केली, देवाला हात जोडले, प्रतापला म्हणाले, गाडीत हवा बघून घे. ट्रॉलीवर स्वतःच आडवे झाले. वॉर्डबॉयनं ट्रॉली ढकलली, एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला मी, मागं प्रताप. लिफ्टनं खालच्या मजल्यावर आलो. समोर ऑपरेशन थिएटरचं दार, दारापुढं जमिनीवर लाल पट्टी. हिरव्या कपड्यांतले मुजावर घ्यायला बाहेर आले होते. ट्रॉली लिफ्टमधून निघाली, पट्टीशी आली, आणि तेवढ्यात मागं लिफ्टचं दार मिटता मिटता घंटा वाजली.

टिंग.

दादा ताडकन उठून बसले. "थांबा!"

"काय झालं?" मुजावर म्हणाले.

"बेल पडली. एक."

"ती लिफ्टची आहे बाबा!" प्रताप ओरडला.

"कशाची का असंना. एक बेल पडल्यावर गाडी हलवत न्हाईत." आणि त्यांनी एक पाय ट्रॉलीखाली सोडला. हाताला सलाईनची सुई, अंगावर तो चौकड्यांचा अंगरखा, डोक्याला कागदी टोपी, आणि चेहरा असा की आता काही झालं तरी हा माणूस पुढं जायचा नाही. कुणाला हसू आलं नाही.

वॉर्डबॉयनं समजूत घातली, पालथ्या घड्यावर पाणी. प्रताप रडकुंडीला आला. "बाबा, आत सगळे खोळंबलेत. आज परत गेलात तर पुन्हा कधी याल?" मुजावर म्हणाले, "काका, मी आहे ना तुमच्याजवळ." दादांचा दुसरा पायही खाली आला. फरशीला टेकायला वीतभर उरला होता. आज हा पाय टेकला तर हा माणूस पुन्हा इथं यायचा नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

वहिनींनी माझं मनगट धरलं. "मालन, दे बेल."

मी गळ्यातली किल्ली काढली. पेटीची किल्ली मी रजेवरही गळ्यातच ठेवायचे, सवय. किल्ली हातात घेतली, पण हात उठेना. लोकांना वाटतं बेल म्हणजे काय, दोरी ओढली की झालं. तसं नाही. डबल बेल देण्याआधी कंडक्टर दार बघतो, पायरी बघतो, कुणाचा पाय खाली, कुणाचा पदर अडकलेला, एखादी म्हातारी चढता चढता राहिलीय का, सगळं बघतो. एवढ्या वर्षांत न बघता मी एकदाही बेल दिली नव्हती. आणि इथं ते दार बंद होतं. दाराच्या आत काय होतं, कसं होणार होतं, हे मला काय माहीत? मी चला म्हणायचं, आणि हा माणूस माझ्या शब्दावर डोळे मिटायचा. उद्या काही वाकडं झालं तर? घाटात धुक्यात उभी होते तेव्हाही असं भ्यायले नव्हते.

मी मुजावरांकडं वळले. तोंडातून निघालं ते सवयीनं निघालं.

"सगळे चढले का?"

प्रतापला काही कळलं नाही. मुजावरांनी मागं वळून एकदा दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "चढली सगळी. भूलवाल्या मॅडम आहेत, सिस्टर आहेत. बाई जागेवर बसल्यात. मीच तेवढा पायरीवर आहे."

"दार?"

"मी लावून घेतो."

मी दादांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. समोर दाराकडं बघत होते, काचेतून रस्ता बघावा तसे. बेल मिळेपर्यंत त्यांनी कधी मागं वळून बघितलंच नव्हतं.

मी किल्लीनं ट्रॉलीच्या दांड्यावर वाजवलं.

टण. टण.

दादांनी दोन्ही पाय वर घेतले. आडवे झाले. टोपी सारखी केली. मग त्यांनी डोळे मिटले, आत जायच्या आधीच, तिथंच माझ्यासमोर. मुजावरांनी ट्रॉलीला हात लावला आणि ट्रॉली लाल पट्टी ओलांडून गेली.

नंतरचे तास कसे गेले विचारू नका. वहिनी जपमाळ ओढत होत्या. प्रताप मोबाईलवर काहीतरी वाचायचा, बंद करायचा, पुन्हा वाचायचा. मी जिन्यावरून वर, जिन्यावरून खाली. एका जागी बसले की ती लिफ्ट टिंग करायची आणि मी पुन्हा उठायचे. शेवटी एका बाईनं विचारलं, "तुमचे कोण आत आहेत?" काय सांगणार? भाऊ नाही, नवरा नाही. "आमचे ड्रायव्हर," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

दुपार कलली तेव्हा टिपणीसबाई बाहेर आल्या. चेहऱ्यावर चष्म्याचे वळ उठले होते. "व्यवस्थित झालं," त्या म्हणाल्या. "जठर काढलं, सांधाही चांगला बसलाय. पुढचे काही दिवस जपायचं." प्रताप त्यांच्या पायाशी वाकायला गेला, त्यांनी त्याला वरच्यावर धरलं. मग माझ्याकडं वळल्या. "मध्येच एकदा यंत्राचा बाहेरचा हात त्यांच्या बरगडीवर टेकायला लागला होता. मला आतून ते दिसत नाही. मुजावर म्हणाले थांबा, मी डोकं बाहेर काढलं. त्यांना सांगा, आम्ही थांबलो होतो."

संध्याकाळी अतिदक्षता विभागात एकेकाला आत सोडलं. वहिनी जाऊन आल्या, प्रताप जाऊन आला, मग मी. नाकात नळी, पोटाला पट्ट्या. डोळे अर्धे उघडले.

"कुठवर आलो?"

"आलो की दादा. घाट संपला."

"झोप लागली मास्तर," ते पुटपुटले, काहीतरी गुन्हा केल्यासारखे.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दादा निवृत्त झाले. दाजीपूरला शेताकडच्या घरात राहायला गेले. जठर नाही म्हणून दर दोन तासांनी वाटीभर खायचं, सावकाश चावायचं. त्यावरून वहिनींशी रोज भांडण. अंगानं निम्मे झाले, पण तपासण्या चांगल्या येत राहिल्या. महिन्यातून एकदा राधानगरीला दवाखान्यात यायचे आणि परत जाताना मुद्दाम माझीच गाडी धरायचे. सुरुवातीला ड्रायव्हरच्या मागं उभे. मग कधीतरी पहिल्या बाकावर बसायला लागले, पाय मात्र सारखा खाली दाबलेला. नवा ड्रायव्हर कुंभार म्हणून होता, चांगला पोरगा. तो मला म्हणायचा, "बाई, हे आले की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं."

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. थंडीचे दिवस, दुपारची गाडी. दादा खिडकीशी बसले होते. मी तिकिटं फाडत मागपर्यंत गेले आणि पुढं आले, तर त्यांचं डोकं काचेला टेकलेलं. मी वाकून बघितलं. तोंड थोडं उघडं आणि बारीक घोरणं चाललेलं. उजवा पाय नुसता सैल पडला होता, गाडीच्या हेलकाव्याबरोबर हलत होता.

दाजीपूरचा थांबा आला. मी एक बेल दिली, कुंभारनं गाडी थांबवली. दोन माणसं उतरली. इथून पुढं घर नाही, दार नाही, सरळ घाटच लागतो, उतरेपर्यंत तासभर. फाट्यावर वहिनी डोक्यावर पदर घेऊन वाट बघत उभ्या होत्या. मी दारात जाऊन त्यांना खूण केली आणि आत बोट दाखवलं. त्यांनी टाचा उंचावून खिडकीतून बघितलं. बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावला आणि हातानं मला सांगितलं, जाऊ दे, जाऊ दे.

"बाई, ते उतरायचे राहिले," कुंभार म्हणाला.

मी दार लावलं. पायरी बघितली. गळ्यातली किल्ली काढली आणि दांड्यावर दोनदा वाजवली, हळूच, त्यांना जाग येऊ नये म्हणून.